विकणाऱ्याला माहीत होतं

कोकणात घर दाखवतात ते दिवाळीनंतर. अंगण चोपून सारवलेलं असतं, भिंतींना नवा रंग, विहिरीला पाणी, आंब्याला मोहोर. मुंबई-पुण्याहून आलेला माणूस त्या पडवीत दहा मिनिटं बसला की त्याचं अर्धं मन तिथेच ठरतं. घराचा खरा स्वभाव मात्र मृग लागल्यावर कळतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या या पट्टीत घराची परीक्षा चार महिन्यांत होते आणि सौदे उरलेल्या आठ महिन्यांत होतात. माझं सगळं म्हणणं या एका विसंगतीतून निघालं आहे.

चार वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही रत्नागिरी तालुक्यात, खाडीपासून चालत दहा मिनिटांवर, एक घर घेतलं. अठरा वर्षांचं घर. चिऱ्याच्या भिंती, वर सिमेंटचा स्लॅब, त्याच्यावर पत्र्याची शेड. मधल्या खोलीला स्लॅबच्या खाली पीओपीचं दुसरं छत केलेलं होतं आणि त्यात बारके दिवे बसवलेले. गावातल्या घराला असलं छत कशाला, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. बायकोला पडला होता. विकणारे म्हणाले, मुलाच्या लग्नाच्या वेळी हौसेनं करून घेतलं. आम्ही मान डोलावली.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्या दिव्यांच्या खोबणीतून पाणी ठिबकायला लागलं. पाणी तपकिरी होतं, चहा सांडल्यासारखं. वायरमनला बोलावून दिवे काढले, मग एका कोपऱ्यातलं छत उतरवलं आणि वर बॅटरी मारली. स्लॅबचं पोट फुगून सुटलं होतं. हाताच्या पंज्याएवढा काँक्रीटचा तुकडा मी नुसत्या बोटांनी ओढला आणि तो माझ्या हातात आला. त्याच्या आतल्या बाजूला सळीचा ठसा होता आणि त्यावर गंजाचे पापुद्रे, एकावर एक, भिजलेल्या वर्तमानपत्रासारखे. वर उघडी पडलेली सळी आठ मिलिमीटरची होती. काही ठिकाणी ती शिसपेन्सिलीतल्या शिशाएवढी उरली होती. त्या छताखाली आमची मुलगी पाच महिने झोपत होती.

दुसऱ्या दिवशी गावातल्याच एका गवंड्याला बोलावलं. तो शिडीवर चढला, वर बघितलं आणि खाली उतरून गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "दादा, खोटं कशाला बोलू. दोन वर्सांमागं इथं खालून गिलावा मीच मारला होता. तेव्हाच मालकांना सांगितलं होतं, सळीला मीठ लागलंय, गिलाव्यानं भागायचं नाही. त्यांनी नंतर पीओपीवाला आणला."

या एका वाक्यानं आमचं प्रकरण बदललं. तोवर ते आमचं दुर्दैव होतं. त्यानंतर ती फसवणूक झाली.

गावात, नात्यात, कचेरीत ज्याला सांगावं तो एकच म्हणाला, "घेताना नीट बघायला हवं होतं." ही आपल्याकडची रूढ समजूत आहे. घर घेणाऱ्यानं डोळ्यांत तेल घालून बघावं, नाही बघितलं तर भोगावं. विकणाऱ्यानं काय सांगायला हवं होतं, हे कुणी विचारतच नाही. मला ही समजूत मुळातूनच चुकीची वाटते. आणि कायदासुद्धा तसं म्हणत नाही, हे मला त्या पावसाळ्यात पहिल्यांदा कळलं.

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा आहे. त्याच्या कलम ५५ मध्ये विकणाऱ्याचं पहिलं कर्तव्य सांगितलं आहे: मालमत्तेत किंवा तिच्या मालकीहक्कात असा एखादा महत्त्वाचा दोष असेल, जो विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याला सापडला नसता, तर तो विकणाऱ्यानं सांगितलाच पाहिजे. न सांगणं म्हणजे फसवणूक, असं तेच कलम पुढे स्पष्ट म्हणतं. म्हणजे मूग गिळून बसणं हा व्यवहारचातुर्याचा भाग नाही. सव्वाशे वर्षांहून जुना हा नियम आहे आणि आपल्याकडच्या खरेदीखतांच्या गठ्ठ्यांत त्याची कुणाला आठवणही नसते.

भांडण होतं ते "साधारण काळजी" या दोन शब्दांवर. समोरचा वकील हमखास म्हणतो, तुम्ही इंजिनिअर आणायला हवा होता, छत उघडून बघायला हवं होतं. भारतीय करार कायद्यातही अशी वाट आहे: विकणारा नुसता गप्प राहिला आणि घेणाऱ्याला साधारण दक्षतेनं खरं शोधता आलं असतं, तर करार रद्द करता येत नाही. माझं म्हणणं असं की कोकणात ही साधारण काळजी ऋतू बघून मोजली पाहिजे. जानेवारीत कोरड्या, रंगवलेल्या घरात उभ्या असलेल्या माणसाला गळती दिसूच शकत नाही. दुसऱ्याच्या राहत्या घराचं छत फोडून बघा, असं कुठलाही शहाणा माणूस सांगणार नाही. आणि दोष झाकण्यासाठी मुद्दाम केलेलं काम समोर असेल, तर ते नुसतं गप्प बसणंही उरत नाही. ती कृती झाली. पीओपीचं ते छत म्हणजे सिमेंटच्या भाषेत बोललेलं खोटं होतं.

दोष सापडल्यावर माणूस पहिली चूक करतो ती दुरुस्तीची. आम्हीही करणार होतो. पावसाचे दिवस, डोक्यावर सुटलेला स्लॅब, लगेच माणसं लावून सगळं ठोकून काढावंसं वाटतं. ओळखीच्या एका वकील बाईंनी थांबवलं. टेकू लावा, खोली रिकामी करा, पण पुरावा पाडू नका, म्हणाल्या. म्हणून आधी फोटो काढले, तारीख दिसेल असे. मग रत्नागिरीहून स्ट्रक्चरल इंजिनिअर आणला. त्यानं जे केलं ते मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर त्यानं एक पारदर्शक द्रव फवारला, फिनॉल्फ्थॅलीन. निरोगी काँक्रीट त्यानं गडद गुलाबी होतं, कारण त्यात अजून अल्कली शिल्लक असते आणि तीच सळीला गंजापासून जपते. आमच्या स्लॅबवर तो द्रव नुसताच ओघळला. गुलाबी रंग आला तो बराच आत, सळीच्याही वर. म्हणजे सळीभोवतीचं संरक्षण केव्हाच संपलेलं होतं. नमुना प्रयोगशाळेत गेला तेव्हा मिठातलं क्लोराइडही मर्यादेबाहेर निघालं. काँक्रीटच्या कामासाठीच्या भारतीय मानक ४५६ नुसार सळीच्या काँक्रीटमध्ये घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड नको. त्याच मानकात किनाऱ्याच्या हवेला उघड्या असलेल्या काँक्रीटमध्ये सळीवर किमान ४५ मिलिमीटरचं आवरण सांगितलं आहे, खाऱ्या हवेपासून आडोशाला असेल तर ३०. आमच्याकडे ते १२ ते १५ भरलं.

कारण साधं होतं, आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक गवंड्याला ते ठाऊक असतं. खाडीची वाळू न धुता वापरलेली. गोड्या पाण्यानं नीट धुतली नाही तर तिच्यातलं मीठ काँक्रीटमध्ये जातं, सळीपर्यंत पोचतं, सळी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा मागतो आणि आतून काँक्रीट फोडतो. हे सगळं व्हायला आठ-दहा-पंधरा वर्षं लागतात. तोवर घर बांधणारा ठेकेदार दुसऱ्या गावी गेलेला असतो आणि घर बहुतेकदा दुसऱ्याच्या नावावर चढलेलं असतं.

अहवाल हातात आल्यावर विकणाऱ्यांना वकिलामार्फत नोटीस पाठवली, पोच मिळेल अशा टपालानं. नोटिशीत तीन गोष्टी होत्या: दोष काय, तो तुम्हाला माहीत होता हे कशावरून, आणि आमची मागणी काय. मधली गोष्ट सगळ्यात जड असते. जुन्या घराच्या व्यवहारात दोष असणं सिद्ध करणं सोपं, विकणाऱ्याला तो माहीत होता हे सिद्ध करणं अवघड. गवंडी, रंगारी, पत्रेवाला, विहीर उपसणारा, शेजारी यांच्यापाशी घराचा सगळा इतिहास असतो. गावात राहून विकणाऱ्याविरुद्ध बोलायला मात्र हिंमत लागते. आमच्या गवंड्यानं ती दाखवली, लिहून दिलं, सही केली. त्याचं पुढे एक गिऱ्हाईक गेलं, हे मला नंतर कळलं.

इथून पुढे रस्ते फुटतात. करार रद्द करून घर परत द्यायचं आणि पैसे मागायचे, किंवा घर ठेवून दुरुस्तीचा खर्च आणि भरपाई मागायची. रद्द करायचा असेल तर लगेच ठरवावं लागतं. दोष कळल्यावरही घर आपलंच मानून वापरत राहिलात, त्यात बदल करत राहिलात, तर तुम्ही करार मान्य केला असं समोरचा म्हणू शकतो. दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत आहे आणि फसवणूक असेल तर १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे ती फसवणूक कळल्यापासून मोजतात, किंवा वाजवी काळजी घेतली असती तर ज्या दिवशी कळली असती त्या दिवसापासून. दाव्यात न्यायालयाकडून कमिशनर नेमून जागेची पाहणी करून घेता येते. त्याचा अहवाल तुमच्या किंवा विकणाऱ्याच्या इंजिनिअरपेक्षा वजनदार ठरतो. पोलिसांत फसवणुकीची तक्रार देता येते, पण बहुतेक ठिकाणी "हा दिवाणी वाद आहे" असं उत्तर मिळतं. सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नये.

ग्राहक आयोगात जावं, असं आम्हाला अनेकांनी सुचवलं. तिथे आमचं प्रकरण बसत नव्हतं. एका खासगी माणसानं दुसऱ्याला आपलं राहतं घर विकलं, तर ती सेवा होत नाही. बिल्डरकडून घेतलेल्या घराची गोष्ट वेगळी. तिथे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागतो, किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे, मुदत दोन वर्षं. वकिलाशिवाय स्वतः उभं राहता येतं.

आम्ही शेवटी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मध्यस्थीत बसलो. दावा दाखल करायच्या आधीही तिथे जाता येतं. स्त्रियांना तर विधी सेवा उत्पन्न न बघता मोफत मिळते, हे फार थोड्या बायकांना ठाऊक आहे. दोन बैठका झाल्या. विकणारे ठाण्याहून आले होते, सत्तरीचे गृहस्थ. पहिल्या बैठकीत ते म्हणाले, "जशी आहे तशी विकली, असं खरेदीखतात आहे." तसं वाक्य होतं खरं. दस्तलेखक ते आपणहून घालतात, कुणी वाचत नाही. पण जे जाणूनबुजून झाकलं त्याला असं वाक्य ढाल होत नाही, हे त्यांच्याच वकिलानं त्यांना समजावलं असावं. दुसऱ्या बैठकीत त्यांनी अर्ध्याहून थोडा कमी खर्च द्यायचं मान्य केलं. स्लॅब पाडून नवा घालायला साडेसहा लाख लागले, त्यातले तीन मिळाले. निघताना ते मला म्हणाले, "आमच्या वेळी मलाही कुणी सांगितलं नव्हतं." ते खरं असेल. त्यांनाही तसंच विकलेलं असेल. पण म्हणूनच ही साखळी कुठेतरी तुटायला हवी.

आता फ्लॅटचं. कोकणातला निम्मा प्रश्न आता तिकडे सरकला आहे. रत्नागिरी, चिपळूण, खेड, दापोली, कणकवली, सावंतवाडी, कुठल्याही गावाच्या बाहेर बघा, चार मजली इमारती उभ्या आहेत. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसं गेली. ती काही पोपडे सुटलेली, शंभर वर्षांची चाळ नव्हती. जेमतेम दशकभराची इमारत. तिथे लोकांनी पैसे मोजून घरं घेतली होती. त्या दिवसाची आठवण ठेवून कायद्याकडे बघितलं की त्यातली भोकं दिसायला लागतात.

बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा रेरा कायदा २०१६ चा, महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून त्याचं प्राधिकरण, महारेरा, चालू झालं. त्यातलं कलम १४ घेणाऱ्याच्या खूप कामाचं आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा सोयींमधला दोष दाखवून दिला तर बिल्डरनं तो ३० दिवसांत, एक पैसा न घेता, दुरुस्त केला पाहिजे. नाही केला तर भरपाई. भरपाईची रक्कम ठरली आणि बिल्डरनं दिली नाही, तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. मालकीहक्कातच खोट निघाली तर भरपाईच्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही. एवढं चांगलं हत्यार आपल्याकडे आहे.

पण ५०० चौरस मीटर किंवा त्याहून लहान जागेवरच्या, किंवा आठ अथवा त्याहून कमी सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. पाच गुंठे म्हणजे सुमारे ५०६ चौरस मीटर. कोकणातल्या तालुक्याच्या गावी साडेचार गुंठ्यांवर सात-आठ सदनिका बांधणारे किती आहेत, ते तिथल्या कुठल्याही सिमेंटवाल्याला विचारा. मुंबईसाठी ठीक असलेली ही रेषा कोकणातली कितीतरी बांधकामं महारेराच्या दाराबाहेर ठेवते. अशा घरांसाठी १९६३ चा मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा सदनिका-मालकीचा कायदा उरतो, त्यात दोष दाखवायला तीन वर्षं मिळतात. तो लोकांना माहीतच नसतो, कारण सगळे रेराचं नाव घेतात. नोंदणीची मर्यादा छोट्या गावांसाठी खाली आणली पाहिजे, हे माझं पहिलं मागणं. सहा कुटुंबं ज्या छताखाली झोपतात त्या छताला साठ कुटुंबांच्या छतापेक्षा कमी तपासणी का पुरावी?

दुसरं मागणं मुदतीचं. पाच वर्षांत नळ गळेल, फरशी उडेल, खिडकीखालून ओल येईल, ते सगळं पाच पावसाळ्यांत दिसतं. मिठानं खाल्लेली सळी पाच वर्षांत दिसत नाही. तिचा आजार सहाव्या, आठव्या, बाराव्या वर्षी बाहेर येतो, म्हणजे बिल्डर मोकळा झाल्यावर. फ्रान्समध्ये इमारतीच्या मजबुतीला धोका आणणाऱ्या दोषांची जबाबदारी बांधणाऱ्यावर दहा वर्षं असते. आपल्या किनारपट्टीला त्याची जास्त गरज आहे. गळती आणि पाया-तुळई-स्लॅब यांना एकच मुदत लावणं हे विज्ञानाला धरून नाही.

एक सावधगिरीची गोष्ट मध्येच सांगून ठेवतो, कारण ती अनेकांना महागात पडते. महारेराच्या नमुना करारात असं कलम आहे की घेणाऱ्यानं बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय बाथरूम, स्वयंपाकघर, नळजोडणी यांत गळती होईल असे फेरफार केले तर बिल्डरची दोषदुरुस्तीची जबाबदारी संपते. आणि आपल्याकडे ताबा मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी लोक बाथरूमची फरशी उखडतात. आधी परवानगीचं पत्र घ्या, मग हातोडा.

पण मला सगळ्यात जास्त पोटतिडकीनं बोलायचं आहे ते जुन्या घरांविषयी. चुलत्यांच्या वाटणीतली चिरेबंदी घरं, चाकरमान्यांनी बांधून रिकामी ठेवलेले बंगले, वारसांनी विकायला काढलेली कौलारू घरं. यांना ना रेरा, ना मोफा, ना ग्राहक आयोग. यांचे दोषही इथल्या मातीतले: कोने-वासे वाळवीनं आतून पोकळ झालेले आणि वरून तेलपाणी केलेले, विहिरीचं पाणी एप्रिलमध्ये मचूळ होणं, घरापर्यंतची वाट दुसऱ्याच्या जमिनीतून, कुठल्याही कागदावर नसलेली, शेजाऱ्याच्या मर्जीवर चाललेली, सातबारावर एका चुलत बहिणीचं नाव राहून गेलेलं, किनारा नियमन क्षेत्रात परवानगीशिवाय वाढवलेली खोली, जिची फक्त ग्रामपंचायतीची घरपट्टी भरली जाते. घरपट्टीची पावती ही बांधकामाची परवानगी नाही आणि मालकीचा पुरावाही नाही. हे किती वेळा सांगावं लागतं!

आणि चिपळूण. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं ते अनेक घरांत पहिल्या मजल्याच्या उंबऱ्याशी जाऊन टेकलं. पाणी ओसरल्यावर भिंतींवर चिखलाची एक सरळ रेघ उरली होती, पट्टीनं ओढल्यासारखी. दिवाळीपर्यंत बहुतेक घरांवरची ती रेघ रंगाखाली गेली. राहणाऱ्यानं ती पुसावी, त्याला रोज ती बघवत नाही. पण घर विकताना ती रेघ कुठे होती, हे घेणाऱ्याला सांगायला नको? त्यानं दळण ठेवायचं कुठे, मीटर बसवायचा किती उंचीवर, म्हातारी आई तळमजल्यावर झोपवायची की नाही, हे सगळं त्या रेघेवर ठरतं.

म्हणून तिसरं मागणं, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. जुनं घर विकताना विकणाऱ्यानं लेखी दोषपत्र द्यावं आणि ते खरेदीखताचं परिशिष्ट म्हणून दुय्यम निबंधकाकडे नोंदलं जावं. एक-दोन पानांचं, मराठीत, प्रश्नोत्तराच्या रूपात. स्लॅब किंवा कौलं कुठे गळतात? कधी दुरुस्त केलं, काय केलं? वाळवी लागली होती का? पुराचं पाणी आलं होतं का, कितीपर्यंत? जून २०२० च्या निसर्ग वादळात किंवा मे २०२१ च्या तौक्तेत छप्पर उडालं होतं का? विहीर आटते का, खारी होते का? वाट कुणाच्या जमिनीतून येते? हद्दीचा वाद आहे का? प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरं: आहे, नाही, मला माहीत नाही.

"मला माहीत नाही" ही जागा मी मुद्दाम ठेवली आहे. यावर सगळ्यात मोठा आक्षेप येतो तो वारसांच्या बाजूनं. डोंबिवलीत जन्मलेल्या नातवाला आजोबांच्या घराचं काय माहीत असणार? बरोबर आहे. त्यानं तसं लिहावं. घेणारा मग समजून घेईल की इथे स्वतः तपासायचं आहे, आणि किंमतही तशी ठरेल. ज्याला माहीत नाही त्याच्यावर हा बोजा नाही. ज्याला माहीत आहे आणि तरी "नाही" लिहितो, त्याच्यावर आहे. न्यायालयात जे सिद्ध करायला घेणाऱ्याला गवंड्याच्या हिंमतीवर अवलंबून राहावं लागतं, त्यातलं निम्मं काम हे एक पान करेल.

दुसरा आक्षेप किमतीचा. असं लिहून दिलं तर कोकणातली घरं विकली जाणार नाहीत, असं एक दलाल मला म्हणाला. तोच दलाल घरातला दोष लपवला तर किती किंमत वाढते हे जाणतो, म्हणजेच दोषाची किंमत बाजाराला आजही माहीत आहे. ती फक्त एकाच बाजूला माहीत आहे. आणि ती भरतो कोण? घरकर्ज काढून आलेला शाळामास्तर, निवृत्तीचे पैसे घातलेला एसटीचा कंडक्टर, नर्स. बँकेचा माणूस येऊन बघून जातो तेव्हा लोकांना वाटतं घर तपासलं गेलं. तो कर्जासाठी मूल्यांकन करतो, स्लॅब ठोकून बघत नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर घेणाऱ्यानं स्वतः हे मागावं, कारण करारात दोघांच्या संमतीनं काहीही रास्त लिहिता येतं. खरेदीखताआधीच्या करारात, म्हणजे साठेखतातच, लिहून घ्यावं की किमतीचा थोडा भाग एक पावसाळा गेल्यावर दिला जाईल. विकणारा खळखळ करेल. दहांतले सात नाही म्हणतील. पण जो ठाम नकार देतो, त्याच्याच घराची कौलं एकदा वर चढून बघावीत.

गेल्या वर्षी आमच्यावरच विकायची वेळ आली. बायकोच्या माहेरचं गुहागरजवळचं घर, तिच्या भावंडांनी विकायचं ठरवलं. आम्ही तिघा-चौघांनी बसून दोन पानं लिहिली. मेव्हणा कुरकुरला, एवढं सगळं कशाला सांगायचं म्हणून. मग त्यालाच आठवलं की विहीर एप्रिलअखेर तळाला जाते आणि मे महिन्यात शेजारून पाणी आणावं लागतं. ते त्यानं आपल्या हातानं लिहिलं. पडवीचा दक्षिणेकडचा कोपरा गळतो, तिथला एक वासा वाळवीनं खाल्लाय, हेही. पहिलं गिऱ्हाईक पानं वाचून गेलं ते परत आलं नाही. दुसरे कऱ्हाडचे होते. त्यांनी सोबत सुतार आणला, तो वासा सुरीनं टोचून बघितला, साठ हजार कमी करायला लावले आणि फेब्रुवारीत दस्त झाला. ती दोन पानं दस्ताला जोडली आहेत.

जूनमध्ये त्यांचा फोन आला. पडवीत गळतंय, तुम्ही लिहिलंत त्याच कोपऱ्यात. तशी मंगलोरी कौलं आता कुठे मिळतात, एवढंच त्यांना विचारायचं होतं.